खिम्यात नेमकं काय होतं? तपासणीचे पाच आठवडे

मंगळवार, २२ जुलै २०२५. सकाळी साडेनऊला पुण्याच्या ताईंनी एक स्क्रीनशॉट पाठवला. त्यांच्या सोसायटीत गटारीसाठी माझ्या खिमा लोणच्याच्या २२ बरण्या गेल्या होत्या. सोसायटीच्या ग्रुपवर एका काकूंनी लिहिलं होतं, "रंग फिका आहे, फार मऊ लागतंय. हे मटण नाही. चिकन मिसळलंय, नाहीतर दुसरंच काहीतरी." खाली एकामागून एक प्रश्न आले होते. दुपारपर्यंत १३ जणांनी पैसे परत मागितले. बरणीला ४५० रुपये, म्हणजे ५,८५० रुपये. ते मी त्याच दिवशी परत केले. पैशांचं दुःख नव्हतं. "दुसरंच काहीतरी" एवढंच दिवसभर डोक्यात फिरत राहिलं.

मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहते. घरातूनच मटणाचं आणि खिम्याचं लोणचं करून विकते. अन्न सुरक्षेची नोंदणी आहे, वर्षाला १०० रुपये भरते, १४ आकडी क्रमांक लेबलवर असतो. त्या लेबलवर मी मोठ्या हौसेनं आणखीही एक ओळ छापली होती: "१०० टक्के शुद्ध बोकडाचं मटण". पुढच्या पाच आठवड्यांत या ओळीतला एकेक शब्द मला तपासून बघावा लागला. असा प्रसंग कुणावरही येऊ शकतो. त्या वेळी कुठं जायचं, काय मागायचं हे सांगणारं कुणी भेटलं नाही, म्हणून सगळं तारखेवार लिहून ठेवतेय.

बुधवारी सकाळी तात्यांच्या दुकानात गेले. माझ्या सासूबाईंच्या वेळेपासून आमच्याकडं त्यांचंच मटण येतं. फोनवरचा मेसेज मी त्यांना वाचून दाखवला. त्यांनी सुरा ठोकळ्यावर ठेवला, हात पुसले आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "वैनी, तुमच्या समोर कापतोय की मी. अजून काय दाखवू?" मला रडू आलं. त्यांच्यावर संशय घेतेय असं त्यांना वाटलं, आणि खरं सांगायचं तर रात्रभर मी थोडा घेतलाही होता.

गुरुवारी, २४ तारखेला, ऐन दीप अमावास्येला अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात गेले. पाय लटपटत होते. आपण होऊन तिथं जाणं म्हणजे आपणच आपल्यावर कारवाई ओढवून घेणं, असं घरच्यांचं म्हणणं होतं. तसं काही झालं नाही. तिथल्या अधिकारी मॅडमनी पाणी दिलं, बरणी हातात घेऊन लेबल वाचलं आणि समजावून सांगितलं.

अन्न सुरक्षा अधिकारी स्वतः नमुना घेतात तेव्हा त्याचे चार भाग करून सील होतात. एक भाग अन्न विश्लेषकाकडं जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडं राहतात आणि विक्रेत्यानं मागणी केली तर चौथा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडं पाठवतात. विश्लेषकानं नमुना मिळाल्यापासून १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि तो पटला नाही तर अपील करता येतं. ग्राहकालाही २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० खाली फी भरून नमुना तपासून घेता येतो. मात्र वस्तू विकत घेतानाच दुकानदाराला तसं सांगावं लागतं, आणि वस्तू नियमात बसणारी निघाली नाही तर ग्राहकाला फी परत मिळते. हे मला ठाऊकच नव्हतं. पुण्याच्या काकूंनाही ठाऊक असायचं कारण नव्हतं.

माझ्यासारख्या उत्पादकानं स्वतःची खात्री करून घ्यायची असेल तर खासगी प्रयोगशाळेत नमुना द्यावा, पण ती एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेली आणि एफएसएसएआयच्या (देशाचं अन्न सुरक्षा प्राधिकरण) यादीतली असावी, असं त्या म्हणाल्या. निघताना लेबलवर बोट ठेवून एक वाक्य बोलल्या: "ताई, इथं जे लिहिलंय तेच आत असलं पाहिजे, आणि जे सिद्ध करता येत नाही ते लिहू नये." खोट्या किंवा दिशाभूल करणाऱ्या लेबलला तीन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, हे मी घरी येऊन वाचलं.

यानंतर माझ्या हातून एक चूक झाली आणि तिनं आठवडा खाल्ला. शुक्रवारी एका जवळच्याच प्रयोगशाळेत बरणी नेऊन दिली. "मटणाची टेस्ट करायची आहे" एवढंच सांगितलं. काउंटरवरच्या मुलानं फॉर्म भरला, मी सही केली, जीएसटी धरून २,३६० रुपये भरले. ३१ जुलैला अहवाल आला. त्यात एकूण जिवाणूंची संख्या होती, साल्मोनेला नाही, ई. कोलाय नाही, ओलावा किती, मीठ किती. सगळं चांगलं होतं. पण मांस कोणत्या प्राण्याचं, याबद्दल एक अक्षर नव्हतं. फोन केला तर म्हणाले, "ती टेस्ट आमच्याकडं होत नाही, तुम्ही तसं विचारलं नव्हतं." दोष मी त्यांना देत नाही. पण एवढं ध्यानात ठेवा: विचारताना "मांसाची प्रजाती ओळखण्याची चाचणी" असे शब्द वापरा. कोणत्या प्रजाती शोधायच्या हे तुम्हालाच सांगावं लागतं. जी प्रजाती विचारली नाही ती प्रयोगशाळा शोधत नाही. आणि एनएबीएलचं प्रमाणपत्र भिंतीवर आहे एवढ्यावर थांबू नका. त्यासोबत चाचण्यांची यादी जोडलेली असते, तिला स्कोप म्हणतात. त्या यादीत तुमची चाचणी आहे का, ते बघा.

त्याच संध्याकाळी माझी भाची घरी आली. नणंदेची मुलगी, मायक्रोबायॉलॉजीत एमएस्सी करतेय. ती म्हणाली, "मामी, आधी पट्टीनं बघूया. प्रेग्नन्सी टेस्टसारखीच असते, वीस मिनिटांत कळतं." मुंबईच्या एका वितरकाकडून चिकन शोधणारी दहा पट्ट्यांची पेटी मागवली. कुरिअर आणि करासह ६,८०० रुपये. कमी पट्ट्या ते देत नाहीत, म्हणून तुमच्या ओळखीत असे व्यवसाय करणारी दोन-तीन माणसं असतील तर मिळून मागवा. पेटी ५ ऑगस्टला आली. श्रावण सुरू, ऑर्डर एकही नाही. शोधायला वेळच वेळ होता.

तपासायला काय शिल्लक होतं? त्याच खेपेतल्या तीन सीलबंद बरण्या, आणि फ्रीजरमध्ये पाव किलो कच्चा खिमा. तो मी मुलाच्या खिमा-पावासाठी बाजूला काढला होता. १६ जुलैला तात्यांच्या मशीनमधून पहिली जी पिशवी भरली, तीच ही. ही पिशवी नसती तर आज मी इथं काहीच लिहू शकले नसते. आता मी प्रत्येक खेपेतला शंभर ग्रॅम कच्चा खिमा आणि एक बरणी तारीख घालून वेगळी ठेवते. माल संपल्यावर आणखी दोन महिने ती हलवत नाही.

बुधवारी, ६ तारखेला स्वयंपाकघरातला ओटा आम्ही दोनदा धुतला. भाचीनं हातमोजे घातले. खिम्याचे थोडे कण छोट्या नळीत घेऊन तिनं पेटीतलं द्रावण घातलं, हलवलं, पाच मिनिटं ठेवलं. वर जरासं गुलाबी पाणी आलं. त्याचे तीन थेंब पट्टीच्या खिडकीत सोडले. ओल हळूहळू वर चढत गेली. आधी वरची रेघ उमटली, चाचणी नीट चालल्याची खूण. खालची जागा पांढरी होती. मी श्वास सोडला. आठव्या की नवव्या मिनिटाला खाली एक फिकट, जवळजवळ नसल्यासारखी जांभळट रेघ दिसायला लागली. आधी वाटलं डोळ्यांचा भास. खिडकीजवळ नेऊन बघितली. होती.

चिकन होतं.

भाचीनं दुसरी पट्टी लावली. तेच. मग बरणीतलं लोणचं तपासलं. त्यात मात्र रेघच नाही! कच्च्यात आहे, शिजवलेल्यात नाही, हे कसं? पेटीतलं माहितीपत्रक तिनं पुन्हा वाचलं आणि कपाळावर हात मारला. आम्ही मागवलेली पट्टी कच्च्या मांसासाठीची होती. ही पट्टी त्या प्राण्याचं ठरावीक प्रथिन ओळखते. शिजवलं की त्या प्रथिनाची घडी मोडते, मग पट्टीला ते ओळखू येत नाही. शिजवलेल्या मांसासाठी उष्णतेत टिकणारी प्रथिनं शोधणाऱ्या पट्ट्या वेगळ्या मिळतात. म्हणजे बरणीतल्या लोणच्यावर ही पट्टी कोरी निघाली, तिला काही अर्थच नव्हता. मी फक्त बरणी तपासली असती तर "चिकन नाही" असा फोटो आनंदानं ग्रुपवर टाकला असता, आणि तो खोटा ठरला असता.

त्या रात्री झोप लागली नाही. मोबाइलवर वाचत बसले. आयर्लंडमध्ये जानेवारी २०१३ मध्ये जे बाहेर आलं ते वाचलं. तिथल्या अन्न सुरक्षा संस्थेनं गोमांसाच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या २७ बर्गरची तपासणी केली. १० मध्ये घोड्याचा डीएनए निघाला, २३ मध्ये डुकराचा. एका बर्गरमध्ये तर गोमांसाच्या तुलनेत घोड्याचं मांस २९ टक्के होतं. त्यातून सगळ्या युरोपात गदारोळ झाला. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटली. डुकराचा अंश बऱ्याच ठिकाणी अगदी थोडा होता, एकाच कारखान्यात दोन्ही मांसं हाताळली जातात तेव्हा लागतो तेवढा. आणि २९ टक्के चुकून लागत नाहीत. ब्रिटनमध्ये पुढं एक टक्क्याची रेघ धरून त्याच्या वर काही निघालं तर चौकशी करायची, असं धोरण ठेवलं गेलं. लागलेलं आणि मिसळलेलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या पट्टीवरची रेघ यातली कोणती?

सकाळी तात्यांकडं गेले ती पट्टी घेऊनच. या वेळी मी मेसेज वाचून दाखवला नाही, विचारलं. "तात्या, सोळा तारखेला, बुधवारी, माझ्या आधी मशीनमध्ये काय घातलं होतं?" ते आठवायला लागले. मग त्यांचा चेहरा बदलला. शेजारच्या चिकनवाल्याचं मशीन त्या दिवशी बंद पडलं होतं. गटारीच्या आधीची गर्दी, एका हॉटेलचा चार किलो चिकन खिमा द्यायचा होता, म्हणून तो तात्यांच्या मशीनवर काढून घेऊन गेला होता. "पाणी मारलं होतं की वैनी, मी सोता मारलं होतं."

त्यांनी मशीनचा स्विच काढला, पुढची कडी फिरवून सोडवली. जाळी बाहेर आली, मग चार पात्यांची चकती, मग लांब स्क्रू. जाळीच्या भोकांमध्ये बोटाच्या नखानं टोकरलं की फिकट लगदा निघत होता. स्क्रूच्या मुळाशी, जिथं तो आत बसतो तिथं, सुपारीएवढा गोळा साचलेला. हे त्या दिवशीचंच मटण होतं. पण सोळा तारखेला माझं मटण पडण्याआधी इथं एवढंच चिकन बसलेलं असणार, हे आम्हा दोघांनाही एकाच वेळी कळलं. वरून पाणी मारून ते निघत नाही. तात्या तो गोळा तळहातावर घेऊन उभे राहिले. "मला माहीत नव्हतं," म्हणाले. त्यांच्या आवाजात जे होतं ते ऐकून माझ्या मनातला उरलेला संशय संपला.

पुढचे तीन दिवस आम्ही उरलेल्या पट्ट्या जपून वापरल्या. तात्यांनी मटणाचा एक तुकडा सुऱ्यानं बारीक करून दिला: रेघ नाही. सकाळी मशीन उघडून, सोड्याच्या गरम पाण्यात ब्रशनं घासून, पहिल्यांदा काढलेला खिमा: रेघ नाही. मग मुद्दाम पाव किलो चिकन काढलं, वरून नुसतं पाणी मारलं आणि लगेच मटण घातलं. पहिल्या मुठीत रेघ ठळक, अर्ध्या किलोनंतर फिकट. भाचीनं तपासायला एका पट्टीवर नुसतं चिकनही लावून बघितलं, पट्ट्या खराब तर नाहीत ना म्हणून. शेजारचा चिकनवाला सुरुवातीला लांबून बघत होता. तिसऱ्या दिवशी तोही वाकून पट्टी बघायला लागला.

एवढ्यावर मला थांबता आलं असतं. पण काकूंचे शब्द "दुसरंच काहीतरी" असे होते, आणि माझ्या पट्टीनं फक्त चिकन बघितलं होतं. शिवाय घरच्या ओट्यावर काढलेला निकाल कुणी का मानावा? म्हणून पीसीआर, म्हणजे डीएनएवरून प्राणी ओळखणारी चाचणी, करायचं ठरवलं. एफएसएसएआयच्या संकेतस्थळावरच्या यादीतून तीन प्रयोगशाळांना फोन केले आणि तिन्हींना एकच विचारलं: शिजवलेल्या, तेल-मसाल्याच्या पदार्थात प्रजाती ओळखता का, आणि ती चाचणी तुमच्या स्कोपमध्ये आहे का? एकीनं फक्त कच्चं घेतो म्हणून सांगितलं. पुण्यातल्या एकीनं हो म्हटलं. एका प्रजातीला १,५०० रुपये. बरणीसाठी मी सहा निवडल्या: शेळी, मेंढी, कोंबडी, गाय, म्हैस, डुक्कर. कच्च्या खिम्यासाठी पहिल्या तीनच. १३,५०० अधिक १८ टक्के जीएसटी, एकूण १५,९३०. हा आकडा ऐकून नवऱ्यानं काही म्हटलं नाही, पण रात्री जेवला कमी. दोन महिन्यांची कमाई होती ती.

मंगळवारी, १२ ऑगस्टला पहाटे मध्यवर्ती बसस्थानकावरून एसटी पकडली. बायकांना अर्धं तिकीट असल्यानं स्वतः जाणं कुरिअरपेक्षा स्वस्त पडलं. मासेवाल्याकडून थर्माकोलचा डबा घेतला होता, त्यात आदल्या रात्री गोठवलेल्या बर्फाच्या पिशव्या, मध्ये नमुना. दोन्ही नमुने दुहेरी पिशवीत, वेगवेगळे, वर पक्क्या शाईनं क्रमांक आणि तारीख. एकाचा कण दुसऱ्याला लागला तर पीसीआर तो पकडतं, म्हणून एका डब्यात असले तरी ते एकमेकांना लागू दिले नाहीत. महामार्गाचं काम चालू असल्यानं गाडी जागोजागी अडत होती, पोचायला साडेसहा तास लागले. डबा पूर्णवेळ मांडीवर होता. शेजारच्या आजींनी विचारलं, "देवाचं काय नेतेस का गं?"

प्रयोगशाळेतल्या बाईंनी नमुन्याचं तापमान मोजून फॉर्मवर लिहिलं, मला सही करायला लावली. मी त्यांना शंका विचारत गेले आणि त्यांनी न कंटाळता सांगितलं. शिजवल्यावर प्रथिनं बिघडतात पण डीएनएचे छोटे तुकडे टिकतात. प्रत्येक पेशीत मायटोकॉन्ड्रिया नावाचे ऊर्जा तयार करणारे बारीक भाग पुष्कळ असतात, त्यांच्या डीएनएच्या प्रती शेकड्यांनी असतात, म्हणून तोच शोधतात. लोणच्यातलं तेल आधी धुऊन काढावं लागतं. मिरची-मसाल्यातली काही द्रव्यं पीसीआरला अडवतात, त्यामुळं चाचणी खरंच चालली की अडली हे बघायला सोबत आणखी एक तपासणी लावतात. शेळी आणि मेंढी एकमेकींच्या इतक्या जवळच्या की पट्टीचा तिथं गोंधळ होऊ शकतो, डीएनएचा होत नाही.

मग मी विचारलं, "आणि बोकड की शेळी?" त्या थोडं हसल्या. म्हणाल्या, प्रजातीच्या चाचणीत दोघंही शेळीच. नर-मादी बघायचं तर वाय गुणसूत्राची वेगळी चाचणी लागते, ती आम्ही नेहमीच्या कामात करत नाही. ज्या कोल्हापुरात "बोकडाचंच आहे ना?" हा गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न असतो, २०१९ च्या शेवटी मटणाच्या दरावरून जिथं आंदोलन झालं, तिथं लेबलवरचा तो शब्द मी कोणत्या आधारावर छापला होता? तात्यांच्या शब्दावर. तात्यांचा शब्द खरा आहे, मी त्यांच्याकडं टांगलेलं बघून घेते. पण बरणी पुण्यात उघडणाऱ्या माणसासाठी तो पुरावा नाही. परतीच्या गाडीतच मी वहीत ती ओळ खोडली.

सांगितलं होतं सात ते दहा कामाचे दिवस. मध्ये स्वातंत्र्यदिन आला, जोडून शनिवार-रविवार. २० तारखेला फोन केला तर "प्रोसेसमध्ये आहे". हे दिवस सगळ्यात वाईट गेले. गाय किंवा म्हैस लिहून आलं तर? घरात गणपतीची तयारी चालू होती, मखराचे पुठ्ठे पसरलेले, आणि मी सारखी ईमेल उघडून बघत होते. सासूबाईंनी एकदाच विचारलं, "तुझ्या हातानं काही वाईट घातलंस का त्यात?" नाही म्हटलं. "मग मोदकाचं सारण घे करायला."

२६ ऑगस्टला, हरतालिकेच्या संध्याकाळी अहवाल आला. बरणी: शेळी आढळली. मेंढी, गाय, म्हैस, डुक्कर आढळलं नाही. कोंबडी आढळली. कच्चा खिमा: शेळी आढळली, मेंढी नाही, कोंबडी आढळली. प्रत्येक ओळीपुढं एक आकडा होता, सीटी नावाचा. बरणीत शेळीचा २०, कोंबडीचा ३०. कच्च्या खिम्यात शेळीचा १७, कोंबडीचा २३.

भाचीनं समजावलं. पीसीआरचं मशीन प्रत्येक फेरीत डीएनए दुप्पट करतं. कितव्या फेरीत तो दिसायला लागला, तो हा आकडा. मूळचा माल जास्त असेल तर लवकर दिसतो, म्हणून आकडा लहान. दहा फेऱ्यांचा फरक म्हणजे दहा वेळा दुप्पट, साधारण हजारपट. सहा फेऱ्यांचा म्हणजे चौसष्टपट. म्हणजे बरणीत शेळीच्या तुलनेत कोंबडीचा अंश हजारात एकाच्या आसपास, आणि खिम्याच्या मशीनमधून पहिल्या निघालेल्या पिशवीत त्याहून बराच जास्त. तात्यांच्या दुकानात आम्ही जे बघितलं त्याच्याशी हे जुळत होतं. पण मी प्रयोगशाळेला फोन करून "०.१ टक्का असं लिहू का?" विचारलं तेव्हा त्यांनी स्पष्ट नाही म्हणून सांगितलं. वेगवेगळ्या प्राण्यांच्या चाचण्या सारख्याच जोमानं चालतात असं नाही, मांसाच्या प्रत्येक भागात मायटोकॉन्ड्रियाही सारखे नसतात. टक्केवारी हवी असेल तर प्रमाण मोजण्याची वेगळी चाचणी करावी लागते. तुमच्या अहवालाचा अर्थ "आढळलं, खूप उशिरा आढळलं" एवढाच. मी तेवढाच घेतला.

आणि काकूंना जे जाणवलं होतं, ते हे चिकन नव्हतंच. एवढा अंश कुणाच्या जिभेला कळत नाही. त्या खेपेला तात्यांनी कोवळं मटण दिलं होतं, कोवळ्याचा रंग फिका असतो आणि खिमा मऊ होतो. त्यांचा अंदाज चुकीच्या खुणेवरून निघाला, तरी आत चिकन निघालं. यावर मी पुष्कळ विचार केला. "तुमची शंका निराधार होती" असं लिहायचा मोह झाला होता. ते खरं नव्हतं.

गौरी-गणपती आटोपल्यावर, ३ सप्टेंबरला, मी ताईंना अहवालाची दोन्ही पानं पाठवली आणि ग्रुपवर टाकायला सांगितलं. सोबत लिहिलं: गाय, म्हैस, डुक्कर, मेंढी यातलं काही नाही. कोंबडीचा अंश आहे. तो खिम्याच्या मशीनमधून आला, ते मशीन आधी चिकनसाठी वापरलं गेलं होतं आणि उघडून धुतलं नव्हतं. ज्यांनी पैसे परत घेतले नव्हते त्यांनाही परत देते. नऊपैकी दोघांनी घेतले. एकानं लिहिलं की कबूल केलं म्हणजे मुद्दामच घातलं असणार. त्याला मी उत्तर दिलं नाही, देण्यासारखं सगळं त्या दोन पानांत होतं. काकूंचा फोन आला. त्यांच्या घरी चिकन कुणीच खात नाही, त्यांच्या सासऱ्यांचा नेम आहे, हे त्यांनी तेव्हा सांगितलं. मी माफी मागितली. हजारात एक असो नाहीतर शंभरात, नेम मोडला होता.

खर्चाचा हिशेब विचारणाऱ्यांसाठी: पहिला चुकीचा अहवाल २,३६०, पट्ट्या ६,८००, पीसीआर १५,९३०. तपासणीचे एकूण २५,०९० रुपये. प्रवास, डबा आणि परत केलेले पैसे वेगळे. आज पुन्हा करायचं झालं तर पहिला अहवाल वगळेन, पट्ट्या कच्च्यासाठीच्याच घेईन पण लोणचं करायच्या आधी वापरेन, आणि पीसीआर वर्षातून एकदा, एकाच बरणीचं. रोजच्या कामाला पट्टी पुरते. कुणाला उत्तर द्यायचं असेल तर अहवालच लागतो.

खिम्यासाठी मी २,६०० रुपयांचं हातानं फिरवायचं मशीन घेतलं. ते घरातच असतं, दुसरं काही त्यात पडत नाही. तात्यांकडून आता बोनलेस आणते. लेबल नवं छापलंय: "शेळीवर्गीय मटणाचं खिमा लोणचं", त्याखाली खेप क्रमांक, तो मी हातानं लिहिते. "शुद्ध" नाही, "१०० टक्के" नाही, "बोकड" नाही. नवरा म्हणतो असं लेबल वाचून कोण घेणार. कोजागिरीच्या आधी पुण्याला नऊ बरण्या गेल्या.

त्यातली एक काकूंची होती. त्यांनी फोनवर विचारलं होतं, खेपेतली पिशवी बाजूला ठेवलीय ना? ठेवलीय, ४ ऑक्टोबर, फ्रीजरचा वरचा कप्पा, डाव्या बाजूला.